आकडा चारशेचा, सुई तेवढीच
घरचं मांजर : लेखांक ९

मागच्या लेखांकात बोका सारखं पाणी पितो, भरपूर खाऊनही वाळतो, त्याच्या मातीच्या ट्रेभोवती मुंग्या जमतात, इथपर्यंत आलो होतो. आता निदान झालंय, डॉक्टरांनी दिवसातून दोनदा इन्सुलिन सांगितलंय आणि पुढचं सगळं घरच्यांच्या हाती आहे. धार-देवासच्या मराठी घरांत तर ते जास्तच घरच्यांच्या हाती असतं. लहान प्राण्यांचे तज्ज्ञ गाठायचे तर देवासकरांनी इंदूर धरायचं आणि धारकरांनी इंदूर किंवा महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. रात्री अकरा वाजता ग्लुकोमीटरवर ४०० दिसलं तर महू काही जवळ नाही.

तेव्हा प्रश्न असा, की ४०० दिसल्यावर करायचं काय? मांजर खातंय, हिंडतंय, उलटी नाही, तर त्या क्षणी काहीही करायचं नाही. आकडा वहीत लिहायचा, ठरलेल्या वेळी ठरलेली मात्रा द्यायची आणि सकाळी डॉक्टरांना कळवायचं. जादा सुई द्यायची नाही.

हे पटायला जड जातं, कारण घरात आजोबांची शुगर वाढली की काय होतं ते आपण पाहिलेलं असतं. पण मांजर घाबरलं की त्याची साखर झपाट्याने चढते. मधुमेह नसलेलं मांजरही पेटीत कोंबून बसने इंदूरला नेलं, तर दवाखान्यात ३०० च्या पुढे आकडा दाखवू शकतं. म्हणून डॉक्टर एका आकड्यावर विसंबत नाहीत. गेल्या दोनेक आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामाइनची तपासणी करतात, किंवा सुईच्या आधीपासून बारा तास, दर दोन तासांनी साखर मोजून आलेख काढायला सांगतात. तो घरी काढलेला जास्त खरा, कारण घरात मांजर निवांत असतं. कानाच्या कडेला कोमट फडकं धरायचं, बारीक टोचायचं, थेंबभर रक्त पुरतं. माणसांचं मीटर मांजराची साखर बहुधा कमी दाखवतं. म्हणून मीटर बदलू नका आणि कोणतं वापरता ते डॉक्टरांना सांगा.

माणसासारखं ११० गाठायचा हट्टही नको. साखर साधारण २५० ते ३०० च्या वर गेली की लघवीत उतरते आणि तहान वाढते. दिवसभर ती १०० ते ३०० च्या दरम्यान राहिली, वजन टिकलं, पाण्याचं भांडं पूर्वीइतकंच रिकामं होऊ लागलं, की गाडी रुळावर आहे. मला विचाराल तर मीटरइतकाच स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि पाण्याचं माप महत्त्वाचं. चढलेली साखर आठवड्या-महिन्यांत नुकसान करते, घसरलेली काही तासांत जीव घेऊ शकते. ग्लार्जिनसारख्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचा परिणाम स्थिरावायला काही दिवस लागतात, म्हणून मात्रा रोज हलवत नाहीत.

आता सिरिंज. १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात नांदत होती. रस्ता ओलांडला की राज्य बदले. आपल्या औषधांच्या दुकानात इन्सुलिनचीही अशी दोन राज्यं आहेत. माणसांच्या नेहमीच्या इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या मिलिलीटरला ४० युनिटच्या असतात, त्यांना लाल टोपीची सिरिंज. ग्लार्जिन १०० युनिटचं, त्याला केशरी टोपीची. ग्लार्जिन लाल टोपीच्या सिरिंजने एकच्या खुणेपर्यंत ओढलं, की मांजराच्या अंगात अडीच युनिट गेलं. सुरुवातीची मात्रा बहुतेक मांजरांना एका वेळी एक युनिटच्या आसपास असते, म्हणजे ही चूक केवढी ते बघा. दुकानदाराने ‘एकच आहे हो’ म्हटलं तरी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा स्वतः जुळवा. सुई देताना अर्धं औषध केसांत सांडल्याची शंका आली तरी पुन्हा टोचायचं नाही.

खाणं हा आपल्याकडचा नाजूक विषय. दूधभात, दूधपोळी खाऊन मांजर जगतं असं आपण धरून चालतो, पण ते मुळात मांसावर जगणारं जनावर आहे. पिष्ट पचवून त्याची साखर आवरणं त्याच्या यकृताला अवघड जातं. कोरड्या दाण्यांतही पीठ बरंच असतं. प्रथिनं जास्त आणि पिष्ट कमी असलेलं ओलं खाणं द्यावं. नुसतं उकडलेलं चिकन मात्र कायमचं पुरत नाही, त्यात कॅल्शियम अपुरं असतं. इथे एक धोका लपलेला आहे. पिष्ट कमी झालं की इन्सुलिनची गरज उतरते आणि कालची योग्य मात्रा आज जास्त ठरते. म्हणून खाणं बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. लठ्ठ बोक्याला उपाशीही ठेवू नका, त्याचं यकृत चरबीने भरतं.

मांजर झोकांड्या देऊ लागलं, गळाठलं किंवा झटके आले, तर साखर उतरली असं समजून हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा. घशात ओतू नका. मग दवाखाना गाठा. मांजराने खाणं टाकलं, उलट्या होताहेत, श्वास जोरात चाललाय आणि लघवीच्या पट्टीवर कीटोन दिसले, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा.

गोळ्यांचं काय, हे विचारलं जातं. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिनला मान्यता मिळाली, पण आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांपुरतीच. त्याच घराण्यातल्या माणसांच्या गोळ्या घरात असल्या तरी बोक्याला देऊ नका. या औषधावर साखर बेताची दिसत असतानाही कीटोन वाढू शकतात.

माळव्याच्या मे महिन्यात इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं, बर्फाच्या कप्प्यात नाही.

लवकर उपचार सुरू झाले, तर काही मांजरांना पुढे इन्सुलिन लागेनासंच होतं. सुईच्या आधीचे आकडेच खाली येऊ लागले, की तीच मात्रा रेटत न बसता वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सुई अर्धी करायची की थांबवायची, ते त्या वहीवरून ठरेल.

(पुढील आठवड्यात : म्हाताऱ्या मांजराची मूत्रपिंडं)