माहितीपटात कोण दिसतं, कोण दिसत नाही?

२३ ऑगस्ट हा आपला राष्ट्रीय अंतराळ दिन. २०२३ मध्ये याच दिवशी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. त्यानिमित्त शाळेत जुन्या अंतराळ मोहिमांचे माहितीपट दाखवतात. रॉकेट उडालं की आपण टाळ्या वाजवतो. पण माहितीपट बघायचीही एक रीत असते. ती आज समजून घेऊ.

माहितीपटातली माणसं खरी, प्रसंगही खरे. तरी त्यात सगळंच येत नाही. कॅमेरा जिकडे वळला तेवढंच टिपलं जातं आणि त्यातलंही निवडून दाखवलं जातं. म्हणजे माहितीपट खोटा नसतो, पण अपुरा असू शकतो.

उदाहरण घेऊ. २०१९ चा ‘अपोलो ११’ हा माहितीपट १९६९ च्या जुन्या चित्रफिती जोडून केला आहे. उड्डाण कक्षात पांढरे शर्ट आणि टाय घातलेल्या पुरुषांच्या रांगाच रांगा दिसतात. त्यात अभियंता जोआन मॉर्गन बसल्या आहेत. उड्डाणाच्या क्षणी त्या कक्षात शेकडो पुरुष होते आणि बाई ही एकच!

आता कुणी म्हणेल, बायका नव्हत्याच तर दाखवणार कुठून? बरोबर आहे. पण का नव्हत्या, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेने १९५९ मध्ये पहिले अंतराळवीर निवडले ते लष्करातल्या जेट विमानांच्या चाचणी वैमानिकांतून. ते काम तेव्हा स्त्रियांना बंदच होतं. दाराला कुलूप लावायचं आणि आत कुणी आलं नाही म्हणायचं, असा तो प्रकार. रशियाने दार उघडलं, तर १९६३ मध्ये व्हॅलेंटिना तेरेश्कोवा अंतराळात जाऊन आल्या.

काही जणी कामावर होत्या, पण कॅमेऱ्यासमोर नव्हत्या. १९६२ मध्ये जॉन ग्लेन यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेआधी संगणकाची आकडेमोड कॅथरीन जॉन्सन या कृष्णवर्णीय गणितज्ञ बाईंनी हाताने तपासली. ग्लेन लगेच जगप्रसिद्ध झाले. जॉन्सनबाईंचं नाव घरोघरी पोचायला पन्नासहून जास्त वर्षं लागली.

आता आपल्या देशात येऊ. केरळमधलं थुंबा हे मच्छीमारांचं गाव. चुंबकीय विषुववृत्त जवळून जातं म्हणून ही जागा रॉकेटसाठी निवडली. ती शोधण्यात डॉ. विक्रम साराभाईंसोबत आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. पुण्याचे प्रमोद काळे सुरुवातीच्या तुकडीत होते. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. सायकलवरून रॉकेटचा भाग नेतानाचा थुंब्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल. पण ज्या मच्छीमारांनी आपली जागा आणि आपलं चर्च या कामासाठी दिलं, त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येतं का?

हे का महत्त्वाचं? मुलांना ‘शास्त्रज्ञाचं चित्र काढा’ म्हटलं, की बहुतेक वह्यांत चष्मेवाले, दाढीवाले आजोबा येतात. परदेशातही तेच. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड चेंबर्स यांच्या अभ्यासात ४,८०७ मुलांनी अशी चित्रं काढली होती. त्यात स्त्री शास्त्रज्ञ होत्या फक्त २८, आणि त्या सगळ्या मुलींनीच काढलेल्या. जे डोळ्यांना दिसत नाही ते मनातही येत नाही. सातारा-सांगलीकडे कुणाचे आई-वडील ऊसतोडीला जातात, कुणाचे द्राक्षबागेत राबतात. पडद्यावर आपल्यासारखं कुणीच दिसलं नाही, तर ‘हे आपलं काम नव्हे’ असं मूल न बोलताच ठरवून टाकतं. सावित्रीबाईंच्या नायगावच्या जिल्ह्यात तरी असं व्हायला नको.

म्हणून यंदा माहितीपट बघताना वहीत तीन प्रश्न लिहून ठेवा:

१) पडद्यावर कोण दिसलं आणि बोललं कोण?
२) कामात होते, पण दिसले नाहीत, असे कोण असतील?
३) जे तिथे नव्हतेच, ते का नव्हते?

उत्तरं शोधायला बाईंची, सरांची, वाचनालयाची मदत घ्या. निदान एक नाव तरी शोधून काढा आणि वर्गात सगळ्यांना सांगा.