संगणकावर वाजणाऱ्या ध्वनीचे मुद्रण : भाषाध्यापनाच्या संदर्भात

प्रस्तावना

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाशी निगडित अशा, १९१३ ते १९२९ या काळात तयार झालेल्या ग्रामोफोन तबकड्या आज शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. शतकापूर्वीच्या वक्त्यांचा आवाज वर्गात पोहोचावा, ही भाषेच्या अध्यापकासाठी मोठीच सोय होय. तथापि त्यातील वीस सेकंदांचा तुकडा वेगळा काढणे, दोन बोलींचे नमुने शेजारी ठेवणे किंवा एखादा उच्चार संथ गतीने ऐकवणे यांसाठी तो ध्वनी संपादनयोग्य फाइलच्या रूपात हाती असावा लागतो. मूळ फाइल उतरवून घेण्याची सोय असेल तेथे तीच उतरवावी. मुद्रणाचा खटाटोप अनावश्यक ठरतो. जेथे ध्वनी केवळ वाजतो, तेथे काय करता येते याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्पीकरसमोर ठेवलेला मोबाइल

महाविद्यालयांत सर्रास आढळणारी रीत म्हणजे स्पीकरसमोर मोबाइल धरून मुद्रण करणे. या रीतीत अंकरूप ध्वनीचे विद्युत्लहरींत, विद्युत्लहरींचे हवेतील कंपनांत आणि कंपनांचे पुन्हा अंकांत रूपांतर होते. वाटेत पंख्याची घरघर व खोलीचा घुमारा मिसळतो. शिवाय मोबाइलमधील गोंगाट दाबणारी योजना वरच्या कंप्रता कापण्याची शक्यता असते. भाषाशिक्षणात हीच हानी सर्वांत महाग पडते. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, किंवा ‘चार’ आणि ‘चारा’, यांतील तालव्य व दंत्य वर्णांचा भेद लेखनात दिसत नाही, तो केवळ कानाला कळतो. आणि त्या घर्षणाची बरीचशी ऊर्जा वरच्या पट्ट्यात असते. तो पट्टा गेला की दोन्ही उच्चार विद्यार्थ्याला सारखेच भासू लागतात.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. विद्युत्मुद्रण १९२५ च्या सुमारास रूढ झाले. त्यापूर्वी कर्ण्यातून केलेल्या मुद्रणात सुमारे २,५०० हर्ट्झच्या वरचा ध्वनी फारसा उमटतच नसे. तेव्हा जुन्या तबकड्यांवरून असे सूक्ष्म वर्णभेद शिकवू पाहणे व्यर्थ आहे. जे मुळात नाही ते कोणतेही संपादन आणू शकत नाही.

आंतरिक मुद्रण

संगणकाच्या आतच ध्वनी टिपणे हा योग्य मार्ग होय. विंडोज एक्सपीच्या काळात अनेक ध्वनिकार्डांसोबत ‘स्टीरिओ मिक्स’ हा पर्याय मिळे. पुढे तो बहुधा बंद ठेवलेला वा गाळलेला आढळू लागला. ऑडॅसिटी या विनामूल्य, मुक्तस्रोत प्रणालीत त्याची उणीव भासत नाही. ध्वनियजमान म्हणून ‘विंडोज वासापी’ निवडावा आणि मुद्रणसाधनांच्या यादीतून नावापुढे ‘लूपबॅक’ असे लिहिलेले स्पीकर निवडावेत. लिनक्समध्ये हेच काम ‘मॉनिटर’ नावाचा स्रोत करतो. मॅकवर त्यासाठी ब्लॅकहोलसारखे आभासी ध्वनिसाधन बसवता येते.

आधी मुद्रण सुरू करावे, मग ध्वनी वाजवावा. आरंभीची काही सेकंदे नंतर कापता येतात. लूपबॅकमध्ये काहीच वाजत नसताना मुद्रण पुढे सरकेनासे झाले तर तो बिघाड समजू नये. ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’ बंद असावा, अन्यथा प्रतिध्वनी साचत जातो. ई-मेल आल्याची घंटीही मुद्रणात उतरते, म्हणून अन्य प्रणाली बंद कराव्यात. ध्वनिपातळीचे शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. शून्याला आदळून छाटला गेलेला ध्वनी पूर्ववत होत नाही. हळू मुद्रित झालेला मात्र वाढवता येतो.

जतन ‘वेव्ह’ स्वरूपात करावे. ४४,१०० हर्ट्झ नमुनादर, १६ बिट आणि दोन मार्गिका धरल्यास एका मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. एकट्या वक्त्याच्या भाषणाला एकच मार्गिका पुरते, तेव्हा ती निम्मी होते. एमपी३ मध्ये प्रत्येक नव्या जतनासरशी काही अंश गळतो, म्हणून ते रूप संपादन पूर्ण झाल्यावरच द्यावे. संपादन नेहमी प्रतीवर करावे, मूळ मुद्रण अस्पर्श ठेवावे.

कायद्याची मर्यादा

स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ अन्वये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली प्रत हक्कभंग ठरत नाही. पण तोच तुकडा महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवला की ‘अध्यापनाच्या ओघात’ या शब्दांचा आधार डळमळतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप मोडण्याला शिक्षा सांगते. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो. मुद्रणात गायिलेल्या कवितेवरील हक्क मात्र सामान्यतः कवीच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे मोजला जातो. एकाच तुकड्यासाठी या दोन्ही मुदती स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.