कवितेची वही आणि मनाचा भार

‘डॉक्टर, औषधे द्यायची सोडून तुम्ही कविता कसल्या शिकवता?’ असा प्रश्न दवाखान्यात मला अधूनमधून विचारला जातो. प्रश्न थट्टेचा असला तरी त्याचे उत्तर गंभीरपणे द्यावे असे आहे. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी लेखन कार्यशाळा भरते. प्रारंभी काही वर्षे मी तेथे शिकाऊ म्हणून बसत असे. आता दोन शिक्षकमित्रांच्या जोडीने ती चालवितो. निवृत्त कारकून, गृहिणी, कॉलेजची मुले, एखादा शेतकरी अशी पंधरा-वीस मंडळी सतरंजीवर बसतात आणि लिहितात. यातील फार थोडे पुढे कवी होतील. परंतु आरोग्याच्या दृष्टीने या बैठकीला काही अर्थ आहे का, हे आज पाहू.

१९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील क्लेशदायक प्रसंग लिहावयास सांगितले, तर काहींना साधे किरकोळ विषय दिले. ज्यांनी घडलेली घटना आणि त्या वेळच्या भावना अशा दोन्ही गोष्टी लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढील सहा महिन्यांत तुलनेने कमी झाल्या. मात्र लिहून उठल्यावर लगेच त्यांना उदास वाटत होते आणि रक्तदाबही जरा वाढलेला होता. १९९९ साली दमा व संधिवाताच्या ११२ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. दुःखद प्रसंग लिहिणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के रुग्णांत चार महिन्यांनी लक्षणीय सुधारणा दिसली. इतरांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते.

हे वाचून कोणी दम्याचा पंप बाजूला ठेवू नये. त्यानंतरच्या सर्वच प्रयोगांत असा फायदा दिसला नाही आणि सगळ्यांची सरासरी काढली तर परिणाम लहानच आहे. लेखन हे औषधाच्या जोडीला आहे, औषधाऐवजी नाही.

मग फायदा होतो तो कशामुळे? मनात घोळणाऱ्या दुःखाला आगापीछा नसतो. तेच ते विचार रात्री-अपरात्री गिरक्या घेत राहतात. लिहावयास बसले की आधी काय झाले, मग काय झाले, हे लावावे लागते. ‘कसेसेच होते’ एवढ्यावर कागद ऐकत नाही. राग, भीती की अपमान, ते नाव घ्यावे लागते. आपल्या आजी-पणजींना हे ठाऊक होते. सासरचा जाच आणि माहेरची आठवण त्या जात्यावरच्या ओवीत घालीत. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली आणि १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने आली. तेव्हा ‘मला शुद्धलेखन येत नाही’ ही सबब कोणी सांगू नये. ज्यांचा हात थरथरतो वा ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांनी सांगावे आणि नातवंडांनी लिहावे. बोटांचे सांधे दुखत असतील तर जाड पेन घ्यावे.

कार्यशाळेचा आणखी एक लाभ आहे. म्हातारपणी किंवा वैधव्यात घराबाहेर पडण्याचे निमित्तच उरत नाही. महिन्यातून एक दिवस का होईना, आपले कोणी लक्ष देऊन ऐकते, ही गोष्ट लहान नाही.

ज्यांना आपल्या गावी अशी बैठक सुरू करावयाची आहे, त्यांनी काही पथ्ये पाळावीत. विषय हलका द्यावा : घरातील जुनी पेटी, पहिली नोकरी, अंगणातले झाड. दुःखाचे काही यायचे असेल तर त्यातून आपसूक येते. ते ओढून काढू नये. वाचून दाखविण्याची सक्ती नको. येथे ऐकलेले गावात बोलायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. लहान गावात त्याची फार गरज असते. ताजा घाव असेल, म्हणजे घरात नुकताच मृत्यू वा अपघात झाला असेल, तर त्यावर लगेच लिहावयास लावू नये. आणि लिहिताना कोणाला फारच त्रास होऊ लागला तर त्याने वही मिटावी, पाणी प्यावे, बाहेर फिरून यावे. यात कमीपणा काही नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. एखाद्याच्या कवितेत वारंवार मरणाची भाषा येऊ लागली, ‘माझे ओझे कोणाला नको’ असा सूर लागला, तर ‘वा, छान!’ म्हणून टाळ्या वाजवून मोकळे होऊ नका. मरणावर लिहिणारा प्रत्येक जण जीव देणारा नसतो, हे खरे. पण ते ओळखायचे तर विचारावेच लागते. त्याला बाजूला घ्या आणि सरळ विचारा, ‘जिवाचे बरेवाईट करावे असे मनात येते का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे. उलट, कोणीतरी विचारले म्हणून माणसाला सुटल्यासारखे वाटते. उत्तर ‘होय’ आले तर त्याला एकटे सोडू नका, घरी कीटकनाशक वगैरे असेल तर ते हलवायला सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतही, बोलता येते.

दुसरी खूण याच्या उलट आहे. एरवी शांत असलेला माणूस अचानक रात्र-रात्र जागून वह्याच्या वह्या भरू लागला, झोपेची गरजच वाटेना, बोलणे थांबेना, पैसा वारेमाप खर्च होऊ लागला, तर ती प्रतिभा म्हणून कौतुक करू नये. तो उन्मादाचा आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

ज्यांच्या गावी कार्यशाळा नाही, त्यांनी घरीच एक वही करावी. सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, दार लोटून, मनात येईल ते लिहावे. ते कोणाला दाखवावे असे नाही. हवे तर फाडून टाकावे. रक्तदाबाची गोळी मात्र वेळेवर घ्यावी. तिची जागा कवितेला घेता येत नाही, आणि कवितेची जागा गोळीला.