सरकीत जनुकं किती?

भैंसा पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आता निर्मलमध्ये आहे. नांदेडची हद्द जवळच, त्यामुळे बाजारात मराठीही चालते आणि तेलुगूही. हंगामात व्यापारी चिमूटभर रुई दोन बोटांत ओढून धाग्याची लांबी बघतो, तेव्हा त्याच्या बोटांत असतात त्या एकेकट्या पेशी. कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, 25 ते 30 मिलिमीटरपर्यंत ताणलेली. एका सरकीवर अशा हजारो.

हे घडवणारी जनुकं किती, असा साधा प्रश्न विचारला की गंमत सुरू होते. आज सगळीकडे लावला जातो तो अमेरिकन कापूस, गॉसिपियम हिरसुटम. त्याच्या टीएम-1 या वाणाचा जनुकसंच 2015 साली दोन गटांनी वाचला. सुमारे 250 कोटी अक्षरांचा मजकूर. एका गटाने 70,478 जनुकं मोजली, दुसऱ्याने 76,943. वाण एक, वर्ष एक, फरक 6,465 जनुकांचा. माणसाचं सगळं काम 20 हजारांच्या आसपास भागतं, हे लक्षात घेतलं तर हा नुसता फरकच माणसाच्या ऐवजाच्या जवळपास एक तृतीयांश आहे.

कुणी मोजायला चुकलं असं नाही. जनुक कुठे सुरू होतं नि कुठे संपतं, हे अक्षरांवर लिहिलेलं नसतं. ते ठरवावं लागतं. संगणक अंदाज बांधतो, मग जाणकार पडद्यावर एकेक जनुक उघडून बघतो. पेशीत खरोखर तयार झालेल्या आरएनएचे तुकडे या जागेवर बसतात का? मधला गाळला जाणारा भाग जीटीने सुरू होऊन एजीने संपतो का? एकाच जनुकाचे दोन तुकडे वेगळे मोजले गेलेत का? कापसात हे सगळं दुप्पट अवघड. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी दोन वेगळ्या कापूसजातींचा संकर होऊन हिरसुटम बनला, त्यामुळे बहुतेक जनुकांची जवळजवळ सारखीच जोडप्रत शेजारच्या संचात असते. आरएनएचा तुकडा नेमका कुठल्या प्रतीचा, यावरच तास जातो.

एवढ्यावर थांबत नाही. कोको आणि कापूस एकाच कुळातले, भेंडी-अंबाडीही त्याच कुळातली. सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वी, कोकोपासून फुटल्यावर, कापसाच्या पूर्वजाचा संच पाच-सहा पट झाला आणि पुढे तो संकर. पॅटरसन यांच्या गटाने 2012 मध्ये हिशेब मांडला: फुलझाडांच्या आदिपूर्वजातल्या एका जनुकाच्या लागवडीच्या कापसात 30 ते 36 पट प्रती व्हाव्यात. बऱ्याच काळाच्या ओघात गळाल्या. उरलेल्यांपैकी कोकोच्या अमुक जनुकाचा खरा भाऊबंद कोणता? वॉल्टर फिच यांनी 1970 मध्ये भेद करून ठेवला: जाती वेगळ्या झाल्याने फुटलेली जनुकं ऑर्थोलॉग, जनुकाचीच दुसरी प्रत निघाल्याने झालेली पॅरालॉग. व्याख्या सोपी, कापसात लावताना घाम फुटतो.

नांदेड-आदिलाबाद पट्ट्यातली जुनी गावरानी कपाशी ही देशी कापसाची, गॉसिपियम आर्बोरियमची. तिच्या जातीचा संच 2014 मध्ये वाचला, जनुकं 41,330. हिरसुटमच्या 70,478 शी प्रत्येकाची गाठ घालायची तर जोड्या होतात 291 कोटी. सेकंदाला एक जोडी तपासणाऱ्याला 92 वर्षं. यंत्राला हे जड नाही. जड आहे ते निकालावर माणसाची नजर फिरवणं. युनिप्रॉट या जागतिक प्रथिनकोशात तज्ज्ञांनी तपासलेल्या नोंदी साडेपाच लाखांच्या वर, तर 2022 पर्यंत यंत्राने लावलेल्या नोंदी 20 कोटींच्या पुढे गेल्या होत्या. म्हणजे बहुतेक जनुकांची नावं कुणा नातेवाइकावरून ढोबळपणे लावलेली.

तरी नातं खरं निघालं की कामाला येतं. 2004 मध्ये देशी कापसाचं जीएएमवायबी2 हे जनुक अरॅबिडॉप्सिस या मोहरीकुळातल्या तणाच्या केसहीन रोपात घातलं, आणि पानांवर लव परत आली. हिरसुटममध्ये मात्र त्याच एमवायबी घराण्यातली जनुकं शेकडो आहेत, आणि त्यातलं कोणतं लांब धाग्याचं, हे एकेक करून शोधावं लागतं.

उलट बीटीच्या पाकिटावर शेतकरी ज्यासाठी पैसे मोजतो ती बोंडअळी मारणारी जनुकं आधी एक होती, मग दोन झाली. त्यांचं अक्षर न् अक्षर ठाऊक आहे. ती कापसाची नाहीतच, जमिनीतल्या जिवाणूची आहेत.