नदीची चाल आणि पुलाचा पाया

एकोणिसाव्या शतकात जुहू हे साष्टीच्या पश्चिमेस असलेले वाळूचे अरुंद बेट होते आणि ओहोटीच्या वेळी मधली खाडी पायी ओलांडून तेथे जाता येई, हे आजची दाट वस्ती पाहून खरे वाटणार नाही. खाडी बुजली; परंतु भराव घातल्याने पाण्याच्या वाटा नाहीशा होत नाहीत. २६ जुलै २००५ रोजी जुहूलगतच्या सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा विमानतळाजवळ काटकोनात वळविलेली आणि भरावांनी आक्रसलेली मिठी नदी कुर्ला-कलिन्याच्या सखल भागात पसरली.

वळणावर नदी कशी वागते, हे मात्र आधी सांगता येते. बाहेरील काठाशी पाण्याचा वेग वाढतो व काठ पोखरला जातो. आतील बाजूस वेग मंदावून गाळ साचतो. त्यामुळे मऊ जमिनीत वळण वर्षानुवर्षे बाहेर सरकते. शाळा वा विहीर कोणत्या काठावर आहे, एवढे पाहिले तरी निम्मे भाकीत झाले. उरलेले मोजणीने होते. जुने नकाशे व उपग्रहचित्रे ताडून काठ किती सरकला, हे काढतात. १९१६ साली स्थापन झालेल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात नदीच्या लहान प्रतिकृती बांधून प्रवाहाची परीक्षा घेतली जाते.

पुलाच्या पायाचा धोका अधिक फसवा असतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एस. टी. गाड्यांसह काही वाहने वाहून गेली. पुरात खांबास अडलेले पाणी तळाकडे वळते व भोवऱ्याने तेथील वाळू उपसते. पूर ओसरताना त्याच खड्ड्यात सैल गाळ भरतो. हिवाळ्यात पाहणीस गेलेल्यास तळ पूर्ववत दिसतो. त्या गाळात खांब तोलण्याचे बळ मात्र नसते. म्हणून खोली भर पुरातच, ध्वनिलहरींच्या यंत्राने किंवा दोरीस बांधलेल्या वजनाने मोजावी लागते. पुलालगतचा वाळूउपसा तर नदीचे हेच काम बारमाही करतो.

ग्रामपंचायतीस यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. काठापासून ठरावीक अंतरांवर खुंट्या रोवाव्यात, पावसाळ्यापूर्वी व नंतर काठाचे अंतर मोजून दप्तरी नोंदवावे आणि पहिली खुंटी वाहून जाताच पाटबंधारे व बांधकाम खात्यांस लेखी कळवावे.