पडद्यामागची विद्या

तिसरी घंटा झाली की दिग्दर्शकाचे काम सरते आणि प्रयोगाचा कारभार रंगमंच-व्यवस्थापकाच्या हाती येतो. पडदा केव्हा सरकावा, कोणत्या शब्दावर दिवे मंदावेत, काळोखात कोणती खुर्ची कोणी उचलावी, हे सारे त्याच्या इशाऱ्यावर चालते. त्याचा एक इशारा चुकला तर अंधारात नटाला इजाही होऊ शकते.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले. पुढे नाटक मंडळ्यांत ही विद्या पाहून पाहूनच शिकली जाई; जाणता माणूस गेला की त्याच्यासवे तीही जाई. विद्यापीठीय नाट्यशिक्षणाचे प्रयोजन येथेच दिसते. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ साली स्थापन झाले. अशा ठिकाणी व्यवस्थापन शिकणाऱ्याने प्रथम आत्मसात करावयाची गोष्ट म्हणजे प्रयोगाची वही. संहितेच्या शेजारी प्रत्येक प्रवेश, प्रकाश व ध्वनी यांची खूण तीत नोंदलेली असते. व्यवस्थापक अकस्मात आजारी पडला, तरी ती वही उघडून दुसरा कोणीही तोच प्रयोग निर्विघ्न पार पाडू शकला पाहिजे. श्रोतेहो, एका माणसाच्या स्मरणातील ज्ञान सर्वांचे व्हावे, यासाठीच हा अभ्यास आहे.