सागाची पानगळ आणि ओकची पानगळ

एप्रिलच्या मध्यात यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव-उमरखेड भागातल्या टेकड्यांवर सागाचे नुसते खराटे उभे असतात. एखाद्या जर्मन पाहुण्याला त्यांचा फोटो दाखवला, तर तो बिनदिक्कत म्हणेल, डिसेंबरातला दिसतोय. इथे तर पारा चाळिशीच्या वर.

शाळेच्या भूगोलाप्रमाणे उष्ण कटिबंधात झाडांच्या जाती अगणित, समशीतोष्ण पट्ट्यात मोजक्या. महागाव २० अक्षांशाच्या आसपास, म्हणजे कर्कवृत्ताच्या चांगलंच खाली. मग आपलं जंगल कुठल्या पंगतीला बसवायचं?

भूगोल खोटा नाही. बोर्निओ बेटावर लांबीर इथे संशोधकांनी ५२ हेक्टरांत, छातीच्या उंचीवर १ सेंटीमीटर किंवा अधिक जाड असलेलं प्रत्येक झाड मोजलं. सुमारे ११७५ जाती निघाल्या. युरोप, उत्तर अमेरिका आणि आशियातल्या साऱ्या समशीतोष्ण जंगलांची बेरीजही जवळपास एवढीच धरली जाते. जेमतेम १३० एकरांत तीन खंडांचा हिशेब!

थंड मुलखात जाती कमी का, याचं एक कारण हिमयुग. बर्फ सरकत आला तेव्हा युरोपातल्या झाडांना दक्षिणेकडे सरकायला आल्प्स आडवा आला आणि कित्येक जाती संपल्या. उत्तर अमेरिकेत डोंगररांगा उत्तर-दक्षिण, त्यामुळे तिथे जास्त वाचल्या. उष्ण कटिबंधाची गोष्ट निराळी. तिथे किडींना आणि बुरशीला हिवाळ्याची सुट्टी नसते. १९७० मध्ये डॅनियल जॅन्झेन यांनी आणि १९७१ मध्ये जोसेफ कॉनेल यांनी मांडलं, की आईच्या पायाशी पडलेलं बी तिच्याच किडींच्या तोंडी जातं, लांब पडलेलं वाचतं. त्यामुळे एका जातीला सगळी जागा बळकावता येत नाही.

पण हा नियम पावसाच्या जोरावर चालतो. तामिळनाडूतल्या मुदुमलाईत १९८८ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने ५० हेक्टरांवर अशीच मोजणी चालवली आहे. ते जंगलही उष्ण कटिबंधातलंच, आणि त्यातले साग, ऐन, धावडा आपल्या ओळखीचे. तिथल्या जाती सत्तरच्या आसपास. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतं, तिथे याच्या निम्म्या क्षेत्रात साठेक जाती मोजल्या गेल्या आहेत. म्हणजे कोरडं उष्ण जंगल संख्येत बोर्निओपेक्षा व्हर्जिनियाच्या जवळचं!

यवतमाळचं जंगलही शुष्क पानगळीचं. पाऊस चार महिने, बाकी आठ महिने झाडाने आपलं आपण बघायचं. थंड देशात पानं थंडीमुळे गळतात, इथे पाण्याच्या ओढीने. परिणाम मात्र सारखाच. आरा मशीनवर सागाचा आडवा काप पाहा, ओकच्या लाकडात दिसतात तशीच वर्षावलयं त्यात दिसतील, कारण कोरड्या दिवसांत त्याची वाढ थांबते. सदाहरित जंगलातल्या बहुतेक झाडांत ती इतकी स्पष्ट नसतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सागाच्या याच वलयांवरून जुन्या पावसाचा माग काढला आहे.

त्यात वणव्याची भर. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, आग पसरते आणि कोवळी रोपं जातात. साग मुळातून पुन्हा फुटतो, नाजूक जातींना ते जमत नाही. वनखात्याच्या साग लागवडीनेही पारडं एकाच बाजूला झुकवलं, हे बोललंच पाहिजे.

तरीही निव्वळ संख्येवर जाऊ नये, असं मला वाटतं. जरा कुळं पाहा. साग तुळशीच्या कुळातला. मोह चिकूचा भाऊबंद, चारोळी आंब्याची, कुसुम लिचीचा. धावडा आणि ऐन अर्जुनाच्या कुळातले, पळस शेंगावाल्यांचा, टेंभुर्णी आबनूसची. सालईचं कुळ तर धूप-लोबानाचं. युरोपातल्या जंगलातले ओक, बीच आणि चेस्टनट हे तिन्ही मात्र एकाच कुळातले निघतात. गोठवणाऱ्या थंडीत तग धरायची युक्ती मोजक्याच कुळांना साधली. उन्हाळा सोसायची युक्ती पुष्कळांना जमली, तीही प्रत्येकाला आपापल्या तऱ्हेने: सालई बुंध्यात पाणी धरते, पळस पानं टाकून फुलतो, आणि कुसुम तर ऐन उन्हाळ्यात, पावसाची वाट न बघता, लालभडक पालवी काढतो.

पाण्याचं महत्त्व पटवून घ्यायला बोर्निओ गाठायची गरज नाही. सागाच्या टेकडीवरून पूस किंवा पैनगंगेला मिळणाऱ्या एखाद्या नाल्यात उतरा. शंभर पावलांत साग विरळ होतो आणि जांभूळ, करंज, उंबर, अर्जुन सुरू होतात, तेही हिरवेगार.